कोयनेलच्या झाडाची चोरी

(आपल्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



तस्करी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जुना हिंदी सिनेमा येतो. मुंबईची गोदी, रात्रीची होडी, लाकडी खोक्यात सोन्याची बिस्किटं आणि पांढरे बूट घातलेला अजित. माझ्या वयाच्या लोकांनी हे सगळं रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पाहिलं आणि शेवटी पोलीस येतात यावर विश्वास ठेवला.

आज मी ज्या तस्करीबद्दल बोलणार आहे तिच्यात सोनं नाही. माल म्हणजे एका झाडाचं बी. कागदाच्या कपट्यासारखं हलकं, कडेला पातळ पंख असलेलं, फुंकर मारली तर उडून जाईल असं. त्याच्यासाठी तीन साम्राज्यांचे हेर अँडीज पर्वतात उतरले, काहींनी खोटी नावं घेतली, आणि एक माणूस जिवानिशी गेला. पोलीस आले, पण सिनेमातल्यासारखे मुख्य माणसाला पकडायला आले नाहीत.

बी-रोपांच्या तस्करीत आपणही अगदीच अनभिज्ञ नाही म्हणा. या खोलीतल्या कितीजणांच्या मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याची जन्मकथा काय आहे, हे मी विचारणार नाही. (हशा) भारतातून हापूस आणायला २००७ पर्यंत अमेरिकेत बंदी होती, आणि तोवर कस्टम्सच्या टेबलावर किती पेट्यांनी प्राण सोडले हे आपण जाणतो. कढीपत्त्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या पानांवर एक बारीक कीड राहते, ती संत्र्या-लिंबांच्या झाडांना एक असाध्य रोग देते, आणि २००५ मध्ये तो रोग फ्लोरिडात सापडल्यानंतर तिथल्या बागांचं काय झालं ते संत्र्याच्या रसाच्या किमतीत दिसतंच आहे. सीमेवरचे सगळे नियम मूर्खपणाचे नसतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी नियमांबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे.

आपल्या आज्या ज्याला 'कोयनेल' म्हणायच्या ते क्विनीन. हिवतापावरचं ते कडू जहर औषध. ते सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून निघतं. हे झाड मूळचं अँडीजच्या पूर्व उतारावरच्या दमट, धुकट जंगलांतलं, म्हणजे आजच्या इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया या देशांतलं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात नेली. पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली आणि तिनेच ती स्पेनला नेली, अशी एक गोड गोष्ट पुष्कळ पुस्तकांत असते. ती खोटी आहे, पण लिनेअसने तिच्या नावावरून झाडाला नाव दिलं आणि देताना एक 'ह' गाळला. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी सालीतून क्विनीन वेगळं काढलं. इथून पुढे साल किती आणली याला महत्त्व उरलं नाही. तिच्यात क्विनीन किती टक्के आहे, हे मोजता येऊ लागलं.

आणि ते मोजायची गरज साम्राज्यांना होतीच. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली गेली, आणि गोरा सैनिक गोळीपेक्षा तापाने जास्त मरत होता. जावात डचांची तीच गत. दोघांनाही साल दक्षिण अमेरिकेतून विकत घ्यावी लागे. तिकडच्या नव्या प्रजासत्ताकांना आपल्या हातात हुकमाचा पत्ता आहे हे कळलं होतं. बोलिव्हियात सरकार सालीच्या व्यापाराची मक्तेदारी कंपन्यांना देई. साल हवी तेवढी न्या, पण बी आणि रोप बाहेर जाऊ देणार नाही, असा एकूण रोख होता. विचार साधा आहे. कोंबडी विकली की अंड्यांचा धंदा संपतो.

यावर युरोपीय शास्त्रज्ञांचं एक उत्तर तयार असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. साल काढणारे लोक, ज्यांना तिकडे 'कास्कारिलेरो' म्हणत, ते झाड तोडून पाडत आणि साल सोलून घेत. सोपी जंगलं संपत होती, आत आत जावं लागत होतं. हे असंच चाललं तर झाडच नामशेष होईल, म्हणून मानवजातीच्या हितासाठी ते दुसरीकडे लावलं पाहिजे. 'मानवजातीच्या हितासाठी' हे शब्द लक्षात ठेवा, त्यांचा हिशोब आपण नंतर मांडू.

पहिले गेले डच. युस्टुस हास्कार्ल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला खोट्या नावाने पेरूत उतरला. त्याने बी आणि रोपं मिळवली, डच सरकारने ती जावात पोचवली, त्याचा गौरव केला. तिथे युंगहून नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने मोठ्या उत्साहाने दहा लाखांहून अधिक झाडं वाढवली, आणि त्या जातीला तिथल्या गव्हर्नर-जनरलचं, पाहूदसाहेबाचं नाव मिळालं. मग सालीचं रासायनिक पृथक्करण झालं. क्विनीन जवळजवळ नाहीच! दहा लाख झाडं, सगळी चुकीची. गव्हर्नर-जनरलला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

मग ब्रिटिश. क्लेमेंट्स मार्कम हा लंडनच्या इंडिया ऑफिसमधला तिशीतला कारकून. त्याला पेरूची भाषा आणि वाटा ठाऊक होत्या. तो आणि जॉन विअर नावाचा माळी १८६० मध्ये दक्षिण पेरूच्या कारावाया भागात गेले आणि त्यांनी काही शे रोपं जमवली. एवढ्यात मार्तेल नावाच्या स्थानिक बड्या माणसाला सुगावा लागला. त्याने गावोगावच्या कारभाऱ्यांना पत्रं धाडली की या लोकांना अडवा. मार्कमने मग माळ्याला नेहमीच्या वाटेने दिखाव्यासाठी पाठवलं आणि स्वतः रोपं घेऊन आडवाटेने, बर्फाळ डोंगर ओलांडून समुद्राकडे निघाला. बंदरावर कस्टम्सने अडवलं तेव्हा लिमाला जाऊन मंत्र्याकडून परवाना आणला. म्हणजे डोंगरात पळापळ आणि बंदरात सरकारी शिक्का, असा मामला.

रोपं गेली ती 'वॉर्डच्या पेटी'तून. लंडनच्या एका डॉक्टरने १८३० च्या सुमारास शोधलेली ही बंद काचेची पेटी. आत झाडाने सोडलेली वाफ काचेवर थंड होऊन परत मातीत पडते, त्यामुळे महिनोन्महिने पाणी घालावं लागत नाही आणि समुद्राची खारी हवा लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतींच्या जागतिक लुटीत बंदुकीपेक्षा या पेटीचं काम मोठं आहे. पण मार्कमची रोपं पनामा, इंग्लंड आणि मग लाल समुद्र अशा वळणाने आली, आणि लाल समुद्राच्या भट्टीत पेटी काय करणार? उटीला पोचेपर्यंत जवळजवळ सगळी मेली.

ब्रिटिशांची अब्रू वाचवली ती मार्कमच्याच योजनेतल्या दुसऱ्या तुकडीने. रिचर्ड स्प्रूस हा आजाराने खंगलेला, कधी कधी चालताही न येणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट क्रॉस हा माळी. इक्वेडोरमध्ये चिंबोरासोच्या उतारावर त्यांनी लाल सालीच्या सिंकोनाचं सुमारे एक लाख बी आणि सहाशेवर रोपं गोळा केली. हा माणूस मला आवडतो. त्याने जमीनमालकांना पैसे मोजून रीतसर परवानगी घेतली. मालकांनी फक्त एक अट घातली: सालीला हात लावायचा नाही. बी न्या, हवं तेवढं! स्प्रूस १८६० च्या अखेरीस माल रवाना करून बसला, आणि १८६१ मध्ये इक्वेडोरने बी-रोपं बाहेर नेण्यावर बंदी घातली. म्हणजे कायद्याने पाहिलं तर स्प्रूस तस्कर नाही. चार-सहा महिने उशीर झाला असता तर झाला असता. त्याच्या झाडांतून निलगिरीत मळे उभे राहिले.

(आपल्याकडेही प्रयोग झाला होता. महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा आपण पाहिलेला असतो, तिथेच त्या काळात सरकारने सिंकोना लावून पाहिला. महाबळेश्वरच्या पावसापुढे तो टिकला नाही.)

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण आतापर्यंत सांगितलेले सगळे वीर तसे फसलेलेच आहेत. हास्कार्लने चुकीची जात नेली. मार्कमची रोपं मेली. स्प्रूसची लाल साल जगली, काटक निघाली, पण तिच्यातही क्विनीन बेताचंच.

चार्ल्स लेजर हा लंडनमध्ये जन्मलेला व्यापारी, तरुणपणापासून पेरूत. साल आणि लोकर यांचा धंदा करायचा. त्याआधी त्याने एक भन्नाट तस्करी केली होती: अल्पाका नावाची लोकरीची जनावरं देशाबाहेर नेण्यावर बंदी असताना त्याने शेकडो जनावरांचा कळप डोंगरांतून हाकत आधी अर्जेंटिनात, मग चिलीत आणि तिथून जहाजाने १८५८ मध्ये सिडनीला नेला. धंद्याच्या दृष्टीने ते सारं बुडीत गेलं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

लेजरकडे मान्वेल इन्क्रा मामानी नावाचा एक बोलिव्हियन माणूस कामाला होता. आयमारा समाजातला, पिढीजात साल काढणारा. लेजरने त्याला उत्तम जातीचं बी आणायला सांगितलं. मामानी बेनी नदीच्या बाजूच्या जंगलात गेला. त्याला ठाऊक होतं की कोणती झाडं चांगली. पण वर्षामागून वर्ष ऐन हंगामात थंडीचा तडाखा बसून बी वाया जाई. तो थांबला. चार वर्षं थांबला! १८६५ मध्ये बी पिकलं, आणि ते घेऊन तो शेकडो मैल पायी डोंगर उतरून किनाऱ्याजवळच्या ताक्ना गावात लेजरकडे आला. त्याबद्दल त्याला काही पैसे आणि जनावरं मिळाली.

लेजरने बी लंडनला भावाकडे पाठवलं. ब्रिटिशांना ते नको होतं. त्यांच्याकडे निलगिरीत झाडं उभी होती, आणि शिवाय कोण कुठला व्यापारी! क्यू उद्यानाचे संचालक विल्यम हूकर नेमके त्याच वर्षी वारले होते. भाऊ मग डचांकडे गेला. डचांनी, आधीच्या दहा लाखांनी पोळलेल्या डचांनी, जपून एकच पौंड बी घेतलं. किंमत शंभर गिल्डर. उरलेलं हिंदुस्थानातल्या एका इंग्रज मळेवाल्याने घेतलं आणि इकडे आल्यावर त्याने ते दुसऱ्या जातीच्या बियाच्या बदल्यात देऊन टाकलं.

त्या एका पौंडातून जावात सुमारे वीस हजार रोपं उगवली. काही वर्षांनी त्यांच्या सालीचं पृथक्करण झालं, आणि रसायनशास्त्रज्ञाचा स्वतःच्या आकड्यावर विश्वास बसू नये असं उत्तर आलं. काही झाडांत क्विनीन १३ टक्क्यांपर्यंत होतं. डचांनी बाकीची झाडं काढून टाकली, ही जात वेगळी वाढवली, तिची कलमं काटक लाल सालीच्या खुंटावर बांधली. १९३० च्या दशकात जगातल्या क्विनीनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त एकट्या जावातून येत होतं.

आता एक संशोधक म्हणून मला इथे थोडं थांबायचं आहे. सिंकोनाच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. त्याच्या फुलांची रचनाच अशी आहे की परपरागण व्हावं. त्यामुळे एकाच जंगलात शेजारी शेजारी, दिसायला सारखी दोन झाडं असतात आणि एकाच्या सालीत औषध असतं, दुसरीच्यात नसतं. लॅटिन नावं पाठ असलेल्या, सूक्ष्मदर्शक बरोबर घेतलेल्या माणसांना ती ओळखता आली नाहीत. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं असं समजलं जातं, त्याला आली. पानाच्या मागच्या रंगावरून, सालीच्या चवीवरून, उंचीवरून, आणि बापाबरोबर त्याच डोंगरात हिंडल्याने. बी तर हास्कार्लनेही नेलं होतं. जावाचं साम्राज्य मामानीच्या नजरेवर उभं राहिलं. त्या जातीचं नाव मात्र शास्त्रात 'सिंकोना लेजरियाना' असं नोंदलं गेलं.

काही वर्षांनी मामानी पुन्हा बी गोळा करायला गेला. या वेळी कोरोइको गावात त्याला पकडलं. कोणासाठी बी गोळा करतोस, असं विचारत तुरुंगात त्याला मारहाण केली, उपाशी ठेवलं. त्याने नाव सांगितलं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी सोडलं, आणि थोड्याच दिवसांत तो मेला. हे आपल्याला लेजरच्या पत्रांवरून कळतं, कारण मामानीचं स्वतःचं असं एकही पत्र नाही.

बाकीच्यांचं काय झालं ते एका दमात सांगते. मार्कम 'सर' झाला, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि पुढे कॅप्टन स्कॉटला दक्षिण ध्रुवाकडे धाडण्यात पुढाकार त्याचाच. रबराचं बी १८७६ मध्ये ब्राझीलहून नेणारा हेन्री विकम, तोही १९२० मध्ये 'सर'. गरिबीत मेला तो लेजर, १९०५ मध्ये ऑस्ट्रेलियात, आणि त्यालाही म्हातारपणी डच सरकारने छोटंसं पेन्शन दिलं होतं.

बोलिव्हियाच्या अधिकाऱ्यांना दोष द्यायचा का? कायदा त्यांचा, जंगल त्यांचं, आणि आपलं उत्पन्न पळवलं जातंय ही त्यांची भीती शंभर टक्के खरी ठरली. जावाचा माल बाजारात आल्यावर अँडीजचा सालीचा धंदा बसला. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. तो कुठपर्यंत पोचला, याबद्दल आहे. तो मंत्र्याच्या परवान्यापुढे वाकला, परदेशी पासपोर्टापुढे वाकला, आणि आयमारा माणसाच्या पाठीवर पूर्ण ताकदीने उतरला. शिवाय त्याच प्रजासत्ताकांनी झाडांची मक्तेदारी श्रीमंत कंपन्यांना विकली होती. 'राष्ट्राची संपत्ती' म्हणजे नक्की कोणाची, हा प्रश्न मामानीला कोणी विचारला नव्हता.

आता त्या 'मानवजातीच्या हिता'चा हिशोब. झाड वाचलं का? हो. क्विनीन स्वस्त झालं का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुष्कळ स्वस्त झालं. इतकं की जावाचे मळेवाले घाबरले, आणि १९१३ मध्ये मळेवाले व कारखानदार यांनी करार करून भाव बांधून घेतले. ॲमस्टरडॅमला त्यांचं कार्यालय होतं. या साखळीवर अमेरिकन सरकारने १९२८ मध्ये मक्तेदारीविरोधी खटला भरला. म्हणजे एका देशाची मक्तेदारी मोडायला निघालेल्यांनी दुसरी उभी केली, आणि डच ते बी नीट राखून होते.

हिंदुस्थानात चित्र जरा वेगळं होतं, आणि इथे ब्रिटिशांच्या पदरात थोडं माप टाकायला हवं. दार्जिलिंगजवळ मंगपूला सरकारी मळा आणि कारखाना झाला. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्टात एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. पोस्टमनकडून औषध, ही कल्पना आजही चांगली आहे. (रवींद्रनाथ शेवटच्या वर्षांत मंगपूला जाऊन राहत, ते मैत्रेयी देवींच्या घरी. त्यांचे पती त्या क्विनीन कारखान्याचे प्रमुख होते.) पण लष्कर, रेल्वे, चहाचे मळे यांची गरज आधी. खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला किती आलं? स्वातंत्र्याच्या वेळचा अंदाज असा आहे की देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. झाड येऊन ८७ वर्षं झाली होती.

१९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं क्विनीन एका झटक्यात बंद झालं. त्यांची माणसं पुन्हा साल शोधत अँडीजमध्ये गेली. या वेळी मात्र करार करून, पैसे मोजून. पुढे क्लोरोक्विन आलं, मग चीनच्या तू यूयू यांच्या संशोधनातून आर्टेमिसिनिन आलं. ते प्रकरण आपल्याला ठाऊक आहे.

हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं जुनं मढं उकरून कशाला काढायचं, असं कोणी म्हणेल. तर २००८ च्या जूनमध्ये दोन चेक कीटकसंशोधकांना दार्जिलिंगजवळ सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात अटक झाली. मंगपूपासून फार लांब नाही. त्यांच्याकडे शेकडो भुंगेरे आणि फुलपाखरं सापडली. एकाला दंड झाला, दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा. तो जामिनावर असताना देशाबाहेर निसटला. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी सह्यांची मोहीम काढली की ही निरागस माणसं आहेत, शास्त्रासाठी किडे पकडत होती. असतीलही. पण दार्जिलिंगच्या एखाद्या लेपचा तरुणाने प्रागजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना हेच केलं असतं, तर सह्या किती जमल्या असत्या?

यांना लावलेल्या कायद्यांत २००२ चा जैवविविधता कायदाही होता. तो १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आला. त्या कराराने वनस्पती-प्राण्यांवर देशांचा सार्वभौम हक्क मान्य केला. म्हणजे बोलिव्हियाचं म्हणणं शंभरेक वर्षांनी जगाने मान्य केलं म्हणायचं. आता या कायद्याचं तिसरं कलम घरी जाऊन वाचा. भारतातली जैविक सामग्री किंवा तिच्याविषयीचं ज्ञान संशोधनासाठी घ्यायचं तर राष्ट्रीय प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते, कोणाला? परदेशी नागरिकांना, परदेशी कंपन्यांना, आणि आयकर कायद्याच्या व्याख्येने जे अनिवासी आहेत अशा भारतीय नागरिकांना. म्हणजे आपल्याला. सुट्टीवर गेल्यावर गावच्या विहिरीजवळची चिमूटभर माती जिवाणूंच्या अभ्यासासाठी पिशवीत टाकली, तर आपण आणि ते चेक एका रांगेत.

हे ऐकून आपल्यातले काही चिडतात. माझ्याच देशाने मला परका ठरवलं, वगैरे. मला तसं वाटत नाही. एका परिषदेत जेवताना मी बोलता बोलता म्हटलं की आमच्या आजोळी, सावंतवाडीकडे, जखमेवर एक पाला वाटून लावतात. समोरचे गृहस्थ औषधी रसायनांतले. ते म्हणाले, पुढच्या खेपेला पिशवीत थोडी पानं घेऊन ये ना, वाळवून, पुस्तकात ठेवून. मी नाही म्हटलं. ते हसून म्हणाले, पानं आहेत, युरेनियम नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या संभाषणात मी कोण होते? लेजर व्हायला बसवलेली, घरचा रस्ता ठाऊक असलेली बाई. आणि पाला वाटणारी म्हातारी तर संभाषणात नव्हतीच.

हळदीचं पेटंट आठवा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. मग माशेलकर प्रमुख असताना भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, मीही सांगते. फक्त सांगताना एक तपशील गळतो. ते पेटंट घेणारे दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते. अमेरिकेतल्या विद्यापीठात काम करणारे, आपल्यासारखे. त्यांच्या आज्यांनीही त्यांच्या गुडघ्यांना हळदच लावली असणार.

मग याला दुसरी वाट आहे का? एक प्रयोग सांगते आणि थांबते. केरळात अगस्त्य पर्वताच्या परिसरात काणी आदिवासी राहतात. १९८७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आपण चढताना दमतो, पण बरोबरचे काणी वाटाडे एक फळ चघळत न थकता चालतात. वाटाडे आधी सांगायला तयार नव्हते. शेवटी सांगितलं. त्या 'आरोग्यपच्चा'वरून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं, १९९५ च्या सुमारास ते एका आयुर्वेदिक कंपनीला दहा लाख रुपये आणि विक्रीच्या दोन टक्के स्वामित्वधनावर दिलं गेलं, आणि संस्थेने त्यातला निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरवलं. त्यासाठी त्यांचा न्यास स्थापन झाला. जगभर याचं कौतुक झालं.

पुढचं कौतुकात येत नाही. सगळ्या काणी वस्त्यांना विचारलं गेलं नव्हतं, म्हणून त्यांच्यातच वाद झाले. आणि औषधासाठी पानं लागतात, ती काणींनी गोळा करून विकायची, तर वनखात्याने हरकत घेतली. जंगलातून वनस्पती बाहेर नेण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. ज्यांनी झाड दाखवलं, त्यांच्याच हातातली पानं कायद्याच्या नजरेत चोरीचा माल ठरत होती. विक्री रखडण्याचं ते एक कारण होतं. मे २०२४ मध्ये जिनिव्हाला एक नवा करार मंजूर झाला, त्यात पेटंट मागताना जैविक सामग्री कोणत्या देशातून आणि ज्ञान कोणत्या समाजाकडून आलं ते जाहीर करायला लावलं आहे. आता माझ्या क्षेत्रातल्या अर्जांमध्ये त्या रकान्यात लोक काय भरतात, ते पाहण्याची मला उत्सुकता आहे. तो रकाना भरणारे आपल्या खोलीतही दोन-चार बसले आहेत. त्यांना काय अडचणी दिसतात ते ऐकायला मला आवडेल, म्हणून उरलेला वेळ प्रश्नांना ठेवते.